गाईसाठी रकाना

महाडच्या बाजारपेठेत माझ्या दादाचं किराणा दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन आडव्या रेघा आहेत. खालची २००५ सालची, वरची २०२१ ची. पहिली बाबांनी खिळ्याने कोरली होती, चिखलाचा पट्टा जिथे थांबला होता बरोबर तिथे. दुसरी दादाने कोरली. दोन्हींमधलं अंतर माझ्या हाताने दीड वीत भरतं. रंग द्यायला माणूस आला की दादा आधी बजावतो, "तेवढा पट्टा सोड रे बाबा."

मे महिना संपत आला की दादा माल हलवायला लागतो. साखर, मैदा, पोहे, काडेपेट्या, अगरबत्त्या वरच्या रेघेच्याही वर, माळ्यावर. तेलाचे डबे खाली. डबा पुसून विकता येतो, पोहे येत नाहीत. उधारीची वही वहिनीच्या पिशवीत, आणि ती पिशवी पावसाळाभर दारामागच्या खुंटीला. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. आपत्तीचा धडा आला की मुलांना मी दादाच्या दुकानापासून सुरुवात करून देते. पाणी कुठवर येऊ शकतं? त्याच्या वाटेत काय काय आहे? आणि जे वाटेत आहे ते त्यातून टिकेल का? आख्ख्या जिल्ह्याची जोखीम काढायची तरी प्रश्न हेच तीन. फक्त पोह्यांच्या जागी माणसं येतात.

आमचा रायगड जिल्हा म्हणजे पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि दोन्हींमधली चिंचोळी पट्टी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. इथे तिला गांधारी मिळते, पुढे काळ नदी, आणि मग बाणकोटच्या खाडीतून समुद्र. घाटातून धडाधडा उतरलेली नदी महाडपाशी सपाटीला लागते आणि तिचा वेगच मोडतो. गाळ खाली बसतो. जुन्या काळी दासगावला बंदर होतं, म्हणजे भरतीचं पाणी खाडीतून तिथवर चढत येतं. वरून घाटाचा लोंढा आणि समोरून भरती अशी गाठ पडली की नदीला जायला वाट उरत नाही. म्हणून महाडमधली जुनी माणसं पावसाळ्यात घड्याळाच्या आधी कालनिर्णय बघतात. पुनव-अवस किती दिवसांवर आहे? भरती तेव्हाच सगळ्यात मोठी.

२०२१ साली गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटर ओलांडले की हवामान खातं त्या पावसाला सगळ्यात वरच्या वर्गात घालतं. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यातलं कोकणाच्या बाजूला उतरणारं पाणी आमच्याकडेच येणार होतं, दुसरी वाट नव्हती त्याला.

दादा, वहिनी आणि पोरं वरच्या मजल्यावर दोन रात्री होती. पण त्या दिवसाबद्दल मला लिहायचंय ते दुकानाचं नाही.

२२ जुलैला महाड पाण्यात असताना तालुक्यातल्या तळिये गावातली एक वाडी डोंगराखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात साखरसुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. आणि मदत जिथून निघायची ते तालुक्याचं ठिकाण स्वतःच बुडालेलं. रस्ते पाण्याखाली, त्यापुढचे रस्ते दरडींनी बंद, फोन लागत नव्हते. २००५ मध्येही हेच झालं होतं. २५ आणि २६ जुलैला खाली महाडला पूर, आणि त्याच पावसात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आले. दीडशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा बी.एड. करत होते. जुईची बातमी आम्हाला महाडात असूनही किती उशिरा कळली, हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

आपत्तीचे आराखडे मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत पुराचं प्रकरण वेगळं, दरडीचं वेगळं, वादळाचं वेगळं, भूकंपाचं वेगळं. प्रत्येकात कुणाला फोन करायचा त्याची यादी. पूर आणि दरड मात्र एकाच ढगातून, एकाच रात्री येतात. दरडीच्या प्रकरणात लिहिलेलं असतं की तालुक्याहून यंत्रणा रवाना होईल. ती यंत्रणा त्या वेळी पुराच्या प्रकरणात अडकलेली असते. दोन पानं एकमेकांवर ठेवून उजेडात धरली तरच हे दिसतं. तसं कुणी धरताना मला तरी फारसं आढळलेलं नाही.

२००५ च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आलं, आराखडा आला, दर वर्षी त्याचा आढावा घेणं आलं. नद्यांना पूररेषा आल्या. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. हे 'शंभर वर्षांतून एकदा' लोकांना फसवतं. एकदा येऊन गेला की आता नव्याण्णव वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ लावतात. खरा अर्थ इतकाच की दर वर्षी शंभरात एक शक्यता, येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा. दादाच्या भिंतीवरच्या दोन रेघांत सोळाच वर्षं आहेत.

दरडींच्याही याद्या झाल्या. भूवैज्ञानिक गावोगाव फिरले. उतार किती, कातळावर मातीचा थर किती जाड, पाणी कुठून वाहतं आणि कुठे मुरतं, पूर्वी कधी दरड आली होती का, डोंगराचा पायथा कुणी कापलाय का, हे सगळं बघून गावं दरडप्रवण ठरवली गेली. हे मोलाचं काम आहे आणि ते चिखलातून चालत जाऊन केलेलं आहे. आपल्याकडे काळा कातळ आणि त्यावर सडलेल्या दगडाची, मुरमाची, मातीची गोधडी. दोन-तीन दिवस पाऊस हटला नाही की ही गोधडी पाणी पिऊन जड होते, पाणी कातळापर्यंत पोचतं, आणि ओल्या ताटावरून भाकरी सरकावी तसा तो थर सरकतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी अशीच गेली. ठाकर समाजाची वाडी, पन्नासाच्या आत घरं. वर जायला गाडीरस्ता नाही, फक्त चढाची पायवाट. यंत्रं वर नेता आली नाहीत, लोकांनी हातांनी आणि फावड्यांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह सापडले, त्याच्या दुपटीहून जास्त माणसं बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला. विधिमंडळात सांगितलं गेलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

ते वाक्य मी वर्तमानपत्रात वाचलं आणि कितीतरी वेळ पान उलटलं नाही. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण यादी गावांची होते आणि माणसं वाड्यांत राहतात, कोंडांवर राहतात. सातबाऱ्यावरचं गाव खाली रस्त्याला असतं, त्याच गावाची वाडी दोन तास चढून डोंगराच्या कुशीत असते. ज्या वाडीपर्यंत रस्ता नाही तिथे मोजणारा उशिरा पोचतो, मदतही उशिराच पोचते.

मग लोकांनाच विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं, असंही काही जण म्हणतात. तेही पुरतं खरं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आजोबांनी लावलेली नारळाची झाडं मुळासकट उपटली गेली. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे एका दुपारी एका घराचं इतकं उत्पन्न गेलं. दिवेआगरला माझी मावशी आहे. वादळ येणार हे त्यांना दोन दिवस आधी सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "अगं, वादळं काय आम्ही पाहिली नाहीत का? पण असलं कुणाच्या आठवणीतच नव्हतं." आठवण माणसाच्या आयुष्याएवढीच लांब असते. डोंगराला आणि समुद्राला त्याहून मोठं मोजमाप लागतं.

तेव्हा विचारायलाही हवं आणि मोजायलाही हवं. इर्शाळवाडीनंतरच्या मे महिन्यात मी नववीच्या नऊ मुलांना घेऊन एका वाडीवर गेले. पोलादपूरच्या बाजूची वाडी, नाव लिहीत नाही. वर्गातली दोन मुलं तिथलीच. तेवीस घरं. बरोबर मोठे कागद, स्केचपेन, मेजर टेप आणि एक छापील तक्ता. घर क्रमांक, माणसं किती, साठीच्या पुढचे किती, पाच वर्षांखालचे किती, आजारी कुणी, घर कुडाचं की चिऱ्याचं, फोन कुणाकडे. तक्ता मीच तयार केला होता आणि तो मला अगदी नीट जमलाय असं वाटत होतं.

वाडीवर चढायच्या वाटेत एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओहोळ, लागतो. त्यावर साकव आहे, दोन लोखंडी गर्डर आणि वर फळ्या. मेमध्ये खाली पाण्याचा टिपूस नव्हता. साकवाच्या मध्यावर आमच्यातला सगळ्यात अबोल मुलगा थांबला. म्हणाला, "बाई, वाडीतल्या लोकांना धोका असला की कुठे न्यायचं?" मी म्हटलं, खालच्या शाळेत, तसं ठरलेलं आहे. तो म्हणाला, "पण पावसात पहिल्यांदा हाच साकव बुडतो."

बाकीची मुलं गप्प. सावित्रीवरचा जुना पूल इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या. ही मुलं तेव्हा पहिली-दुसरीच्या वयाची होती, पण घराघरांतून ती गोष्ट त्यांच्यापर्यंत आलेली आहे. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. तरीही महाडातली कितीतरी माणसं अजून पूल ओलांडताना बोलता बोलता थांबतात.

मुलांनी कागदावर साकवाभोवती लाल गोल काढला. त्या दिवसाची ती पहिली खूण.

वर पोचल्यावर घराघरांत फिरलो. रस्ता यावा म्हणून वाडीने वर्षानुवर्षं अर्ज केले होते, आता कच्चा रस्ता अर्ध्यावर आलाय. त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापलाय. रस्ता असता तर रुग्णाला झोळीत घालून न्यावं लागलं नसतं, हे खरं. पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो, हेही खरंच. पाणी जायला गटार आणि कापलेल्या बाजूला दगडी बांध एवढं तरी रस्त्याबरोबरच व्हायला हवं होतं. ते 'पुढच्या टप्प्यात' आहे.

सगळ्यात वरचं घर एका आजीचं. एकटीच राहते, मुलगा मुंबईला. पडवीत बसवून तिने आम्हाला कोकम सरबत दिलं. एका मुलीने तक्त्यातला प्रश्न विचारला, "आजी, घराच्या आसपास जमिनीला भेग बिग पडलीय का?"

"न्हाय गो. आता कुठली? मी लिंपते ना."

आम्ही उठून मागे गेलो. घराच्या मागे, फणसाच्या पलीकडे, शेणमातीने लिंपलेला एक लांब पट्टा होता. अगदी सुबक, बोटांच्या वळ्यांसकट, सणाला खळं सारवावं तसा. आजी सांगत होती, भेग चार-पाच वर्षांपूर्वी पडली, दर वर्षी पावसात उघडते, दर उन्हाळ्यात मी बुजवते. फणसही जरासा खालच्या बाजूला कललेला. "लिंपली म्हंजे पाणी आत जात न्हाय."

त्यात चूक काही नव्हती. भेगेत पाणी मुरू नये म्हणून ती चिकणमातीने बुजवावी, असंच जाणकारही सांगतात. पण पाहणी होते उन्हाळ्यात, वाट कोरडी असते तेव्हा. आणि उन्हाळ्यात आजीची भेग लिंपलेली असते. दोनदा माणसं पाहून गेली होती, म्हणाली ती. त्यांनी विचारलं, भेग आहे का. तिने खरं तेच सांगितलं.

मुलांनी त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन सागाच्या खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर टेपने मोजलं. सहा इंच, एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शब्द आमच्यातल्या सुताराच्या मुलाचा. आजीला सांगितलं, लिंपा खुशाल, पण आधी मोजायचं.

मग मी तिला माझा हुकमी प्रश्न विचारला. पाऊस फार झाला आणि खाली जा असं सांगितलं, तर जाल ना?

आजीने मागे गोठ्याकडे बघितलं. "गाय गाभण हाय. तिला सोडून कशी जाव? आन् तिला घेऊन शाळेत कोन घेईल?"

माझ्या तक्त्यात गाईसाठी रकाना नव्हता.

घराघरात फिरून पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की तेवीसपैकी सतरा घरांत गुरं आहेत, आणि रात्री घर सोडायला नकार देण्याचं पहिलं कारण तेच. दुसरं, लावणीचे दिवस. जुलैत दिवसभर चिखलात वाकलेलं माणूस रात्री मेल्यासारखं झोपतं. त्याला अकरा वाजता कोण उठवणार? तिसरं कारण बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. खालच्या शाळेत एकच संडास, त्याला कडी नाही. सुना आणि वयात आलेल्या मुली तिथे चार रात्री कशा काढणार?

दर जूनमध्ये या वाडीला नोटीस मिळते. आपण धोकादायक ठिकाणी राहत आहात, सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. लोक सही करतात, ज्यांना येत नाही ते अंगठा देतात. नोटीस घेऊन येणाऱ्या माणसाकडे चार-पाच गावं असतात, तो बिचारा पावसात चालत येतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्या कागदावर माझा राग आहे. ज्या बाईला जायला जागा नाही तिच्याकडून, तू तुझ्या मरणाला जबाबदार आहेस, यावर सही घेणं ही तयारी नव्हे. जोखीम मोजायची तर डोंगराच्या उताराबरोबर हेही मोजावं लागेल की माणूस रात्री निघू शकतो का, आणि निघाला तर कुठे पोचतो. घरातून निघायला त्याला काय लागतं, तर गाईला छप्पर आणि संडासाला कडी. हे खर्चाच्या यादीत इतकं छोटं आहे की कुणाच्या डोळ्यातच भरत नाही.

कडी त्याच आठवड्यात लागली, दादाने दुकानातून पाठवली. शाळेशेजारी बांबू आणि ताडपत्रीचा गोठा उभा राहायला महिना गेला. जागा कुणाची यावरून एक बैठकही झाली. पोरांनी दोन घरांच्या अंगणात सरळ भिंतीचे पत्र्याचे डबे ठेवले, आत पट्टी चिकटवून. पर्जन्यमापक खाली असतो आणि वर घाटात पाऊस वेगळाच पडतो, म्हणून. वाडीने आपसात ठरवलं की साकवाला पाणी लागायच्या आत, उजेड असताना निघायचं, आणि डब्यातल्या पाण्याने खूण ओलांडली की कुणाची वाट न बघता गुरांसकट निघायचं. खूण कुठे करायची यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी आजीच म्हणाली, जरा खालीच करा.

त्या पावसाळ्यात वाडी तीनदा खाली उतरली. तिन्ही वेळा काही झालं नाही आणि तिन्ही वेळा सकाळी परतताना काही जण कुरकुरले. चौथ्यांदा निघतील का, याची मला काळजी वाटते आणि ती मी त्यांच्यापाशी बोलूनही दाखवली. या जूनमध्ये मी तक्ता नव्याने छापून घेतला. साठीच्या पुढचे आणि पाचच्या खालचे यांच्या शेजारी आता गुरांचा रकाना आहे. आजीच्या ओळीत लिहिलंय, गाय १, वासरू १.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर त्या अबोल मुलाचा फोन आला. मागे पाऊस इतका की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाई, सहा इंच तीन सूत."

"दोनदा मोजलंस?"

"तीनदा. आजी विचारतेय, लिंपू का?"

"लिंपायला सांग. आणि साकव बघून ये. आत्ता."